विंगेबाहेर, पावसात

३ सप्टेंबर, मंगळवार

डावा बूट चावतो. उजवा अजून विचार करतोय.

दुकानदार म्हणाला होता, "बाई, हे घालून ढगात चालल्यासारखं वाटेल." ढगांना टाचेपाशी शिवण असते, हे मात्र सांगायचं राहिलं त्याचं.

वही नवी आहे, तेव्हा निदान कोण कुठे निघालंय ते तरी तिला कळू दे. निघालोय मी आणि महाराणी. महाराणी हे तिचं नाव नव्हे, पण नाटक कंपनीत तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. राण्या, राजमाता, खाष्ट सासवा, एकदा तर चक्क सेनापती — सगळं करून झालंय. मी प्रॉम्प्टर. विंगेत खुर्ची टाकून, मांडीवर संहिता घेऊन बसायचं. नट अडकला की पुढचा शब्द असा टाकायचा की त्याला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. म्हणून कंपनीत मी 'कुजबुज'. घरी वहिनीची 'वन्सं'. माझं खरं नाव आता फक्त मतदार यादीच्या उपयोगाचं.

शेवटच्या थांब्यावर बसनं आम्हाला उतरवलं आणि ड्रायव्हरनं दोन बेवारस पिशव्या टाकल्यासारखं घाईघाईनं दार लावलं. इथून आठवडाभर डोंगरावरून चालायचं. संध्याकाळी एकेका मुक्कामघरात पडायचं, सकाळी पुन्हा चालायचं. कल्पना अर्थात महाराणीची. "मोकळी हवा लागली की डोकं ताळ्यावर येतं!" कुणाचं, ते म्हणाली नाही. वहिनी म्हणाली, "वन्सं, घरचा जिना चढताना धापा टाकता, आणि डोंगर?" मग माझ्या पिशवीत भावाचा रेनकोट, दोन टॉवेल आणि एक इस्त्री केलेला परकर कोंबला. डोंगरावर कुणी भेटायला आलं तर!

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. निघायच्या आदल्या दिवशी मॅनेजरबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. चहा दिला. बिस्किटंही. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी वाईट आहे. नवं नाटक येतंय — निवृत्त न्यायाधीशबाईचं. पडदा वर गेल्यापासून खाली येईपर्यंत तीच बोलते, बाकीचे नुसते येऊन जाऊन. भूमिका महाराणीसाठीच लिहिलेली. पण गेल्या हंगामापासून महाराणी विसरायला लागलीय. भर प्रयोगात, टाळीच्या वाक्याच्या तोंडावर — गप्प! मी शब्द टाकते, ती उचलते, गाडी पुढे. "आठवडाभर बरोबर राहणार ना तुम्ही?" बाई म्हणाल्या. "डोकं शाबूत आहे का ते बघा. तुम्ही हो म्हणालात तर भूमिका तिची. नाही म्हणालात तर दुसरीला देते. शनिवारच्या आत कळवा."

दुसरी म्हणजे कंपनीतली नवी नायिका. केस लांब, पाठांतर त्याहून लांब.

थोडक्यात, मी सहलीला नाही, हेरगिरीला आलेय. तीही फोड आलेल्या पायानं.

गंमत अशी की मागच्या वर्षी याच बाईंच्या डोळ्यांत माझी खुर्ची खुपत होती. "आजकाल प्रॉम्प्टर ठेवतंय कोण? तिथे एक जादा दिवा बसेल." दिव्याची जागासुद्धा खडूनं आखून झाली होती. तेवढ्यात महाराणी विसरायला लागली आणि माझी खुर्ची वाचली. एकाची जळते दाढी, दुसरा त्यावर पेटवतो विडी! मी विडी ओढत नाही, पण पेटली खरी.


४ सप्टेंबर, बुधवार

अहवाल क्रमांक एक: हेराला धाप लागते.

सहज म्हणून विचारलं, "काल रात्री काय जेवलो गं आपण?" महाराणी म्हणाली, "पाणी. त्याला ते सूप म्हणत होते." म्हणजे आठवण शाबूत, जीभही शाबूत. मग तिनं मला माझ्याच लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, ज्या मी तिला कधीतरी सांगितल्या होत्या, आणि त्यातल्या दोन मी विसरले होते!

मी खुशीत. म्हटलं, द्यावा होकार आणि मोकळं व्हावं.

तर दुपारी एका वळणावर थांबली. "अगं, ते हे… उत्तर दाखवतं ते… काय गं?"

"होकायंत्र."

"हां! बघ, तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही."

होकार मी परत पिशवीत टाकला.

आता एक विद्या मी विंगेत बसून कमावली आहे, ती मला कुणी शिकवू नये. नट थांबला की तो मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे मला त्याच्या पाठीवरून कळतं. आणि खरोखर विसरलेला नट विंगेकडे कधी बघत नाही. लाजेनं! तो छताकडे बघेल, समोरच्याचे खांदे धरेल, नसलेली खिडकी उघडेल, पण विंगेकडे नाही. महाराणी विसरते तेव्हा सरळ माझ्याकडे बघते. अगदी शांत. म्हणजे संवादाबरोबर लाजसुद्धा विसरली. प्रकरण बरंच पुढे गेलंय.

हे मॅनेजरबाईंना अजून सांगितलेलं नाही.


५ सप्टेंबर, गुरुवार

पाऊस.

एवढंच लिहून झोपणार होते. पण घोटा ठणकतोय आणि झोप येत नाहीये, तेव्हा सविस्तर.

सकाळी मुक्कामघराच्या मालकिणीनं खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "आज नका जाऊ." महाराणी म्हणाली, "पावसासाठी आम्ही प्रयोग रद्द करत नाही." मी म्हटलं, "प्रयोगाला छप्पर असतं." दोघींनीही लक्ष दिलं नाही. विंगेतल्या माणसाला याची सवय असते.

मग मालकिणीनं वाट सांगितली. एका दमात! पडक्या गोठ्याशी दोन वाटा फुटतात, रुंद सोडा, अरुंद धरा. पुढे फाटकं लागतील. मधल्याला कडी नाही, दोरी आहे, ती परत बांधा, नाहीतर मेंढ्या बाहेर पडतात. ओढ्याला दगड दिसतील, त्यावर पाय ठेवू नका, काठानं वर जा, फळी आहे. फळीपलीकडे पत्र्याची शेड. तिथून पुढे दगडांवरचे पिवळे पट्टे सोडू नका. मी समंजसपणे मान डोलावत होते. दाराबाहेर पडले तेव्हा त्यातल्या फक्त मेंढ्या डोक्यात उरल्या होत्या.

भावाच्या रेनकोटात मी आणि आणखी एक मी आरामात मावलो असतो. पाणी गळ्यातून आत येत होतं आणि बाहेर जायला वाट नसल्यामुळे आतच बिऱ्हाड करत होतं. चष्म्याला वायपर का नसतात, हा प्रश्न मी डोंगराला पुष्कळ वेळा विचारला. महाराणी पुढे. ताठ. राज्याभिषेकाला निघाल्यासारखी. धुक्यात ती दिसेनाशी झाली, नुसती तिची लाल पिशवी दिसत होती आणि मी त्या पिशवीमागून मुकाट चालत होते. मागून मध्येच ओरडून विचारायचे, "आता कुठे?" धुक्यातून उत्तर यायचं, "अरुंद!" मग तिकडूनच, "दोरी बांधलीस का? बांध म्हणाली होती ना ती!" सगळं बरोबर. एकेक शब्द.

दर वेळी मला बरं वाटायचं आणि दर वेळी मी स्वतःला बजावायचे की हेरानं असं हुरळून जायचं नसतं.

ओढा फुगला होता. चहात जास्त दूध पडावं तसा रंग. महाराणी म्हणाली, "वर जायचं, फळी आहे." पण मला समोर दगड दिसत होते! छान, सपाट, एकामागे एक दगड. आयुष्यात मी कधी पुढाकार घेतला नव्हता, तो आज घेतला. दुसऱ्या दगडानं मला नमस्कार केला आणि पायाखालून निघून गेला.

पाणी गुडघ्याइतकंच होतं, पण मी आडवी असल्यामुळे पुरेसं होतं. महाराणी धाडधाड आत उतरली. तिनं काखेत हात घालून मला ओढलं. रानडुकरालाही लाजवेल असं ओरडत होते मी, आणि ती म्हणत होती, "ओरड, ओरड! आवाज आहे हे तरी कळलं आज!" घोटा मुरगळला होता. ती मला काठानं अर्धी उचलत, अर्धी ढकलत फळीवरून शेडपर्यंत घेऊन गेली.

शेडमध्ये एक मेंढी आधीच बसली होती. तिनं आम्हाला नीट पाहून घेतलं आणि जागा दिली नाही. आम्ही थर्मासमधला चहा वाटून प्यालो. महाराणीनं आपला मफलर पिळून माझ्या घोट्याला बांधला. बाहेर काही दिसेना. पाऊस कमी होईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता, आणि मी कुडकुडत होते. दात वाजायला लागले तशी ती म्हणाली, "थांब, तुला जरा करमणूक करते." उभी राहिली. आणि न्यायाधीशबाई सुरू!

संहिता हातात येऊन तिला जेमतेम महिना झालाय. तालीम अजून लागायचीय. आणि तिनं ते असं सुरू केलं, जणू ती बाई तिच्या घरात राहायला असते. "त्या माणसाला मी सोडून दिलं. तो निर्दोष होता म्हणून नव्हे. मला भूक लागली होती म्हणून." हे वाक्य वाचताना मी हसले होते. शेडमध्ये माझ्या अंगावर काटा आला. पत्र्यावर पाऊस इतका आदळत होता की शेवटच्या रांगेला काही ऐकू गेलं नसतं, पण शेवटच्या रांगेत मेंढीच होती आणि तीही कान देऊन ऐकत होती. मी घोटा विसरले. थंडी विसरले. माझे ओठ आपोआप तिच्याबरोबर हलत होते — सवय! — पण एकदाही शब्द टाकायची पाळी आली नाही. पान उलटलं, पुढचं उलटलं. मी मनात म्हटलं, शाबूत आहे! बाई, लिहून घ्या, शाबूत आहे!

तेवढ्यात तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी कशी बघत होते कोण जाणे. डोळे वटारून, परीक्षकासारखी, असणारच.

आणि ती थांबली.

सरळ माझ्याकडे बघत. शांत.

मी वाट पाहिली. हा थांबा नाटकातला नव्हता. तिथे थांबा नाहीच. शेवटी मीच म्हटलं, "साक्षीदार…"

"साक्षीदार खोटं बोलत होता हे मला माहीत होतं!" तिनं झटकन उचललं, आणि हसली. "बघितलंस? तू नसतीस तर मी वाहूनच गेले असते."

ओढ्यात नेमकं कोण वाहून जात होतं, हा मुद्दा मी काढला नाही.

वाईट वाटलं मला. फार वाईट वाटलं. ही बाई माझी सगळ्यात जुनी मैत्रीण. माझी आई गेली तेव्हा हिनं प्रयोग आटोपून, तोंडाचा रंगही न पुसता, राणीच्या वेशात आमच्या दारात उभं राहून मला धरलं होतं. हिला भरल्या थिएटरात अशी उभी राहताना मी बघू? आज माझा शब्द उचलते, उद्या तोही उचलता आला नाही तर? कुणीतरी खोकेल. मग कुणीतरी हसेल. त्या हसण्याचा आवाज कसा असतो, हे विंगेतल्या माणसाला विचारावं.

पाऊस जरा उतरला तशी निघालो. माझा हात तिच्या खांद्यावर, पिवळे पट्टे ती शोधत होती, पुढच्या मुक्कामघराच्या दारापर्यंत एकही चुकली नाही. मग मेंढ्यांच्या दोरीपासून सगळं हिला आठवतं आणि न्यायाधीशबाईचं वाक्य तेवढं आठवत नाही, हे कसं? मासिकात वाचलंय मी. रोजच्या बारीक गोष्टी लक्षात राहतात आणि मोठ्या निसटतात म्हणे. की उलटं होतं? कुठलं मासिक ते आता आठवत नाही.


६ सप्टेंबर, शुक्रवार

घोटा भोपळ्याएवढा. चालणं बंद. पाऊस चालू.

महाराणी मलम आणायला खालच्या वस्तीत गेली. रेनकोट माझा, म्हणजे भावाचा, घालून. त्यात तीसुद्धा महाराणी दिसली नाही, एवढं त्या रेनकोटाचं कर्तृत्व.

ती गेल्यावर मुक्कामघराच्या फोनवरून मॅनेजरबाईंना फोन केला. तीनदा लावून तीनदा खाली ठेवला, चौथ्यांदा त्यांनीच उचलला म्हणून बोलावं लागलं.

"बोला. काय वाटतं तुम्हाला?"

"नाही जमणार तिला," मी म्हटलं. "तिला विश्रांती हवी आहे."

बाई म्हणाल्या, "वाईट वाटतं हो. पण तुमच्याइतकं तिला कुणी ओळखत नाही. दुसरीला सांगते मग उद्याच." आणि जरा घसा साफ करून, "आता तुमच्याही खुर्चीचं…"

"कळलं," मी म्हटलं. दुसरीला प्रॉम्प्टर कशाला लागतोय! तिच्या डोक्यात अख्खं ग्रंथालय आहे. खडूची खूण असेलच अजून, दिवा बसवा.

तर असा हा माझा त्याग. मैत्रिणीची अब्रू वाचवण्यासाठी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, तोही आधीच सुजलेल्या पायावर. कुणाला माझा पुतळा उभारायचा असेल तर याच बुटांत उभारावा, म्हणजे येणारे-जाणारे हळहळतील.

हसू येत नाहीये. पण केलं ते बरोबर केलं. मी केलं नसतं तर प्रेक्षकांनी केलं असतं.

महाराणी मलम घेऊन आली. चिखलानं माखलेली. म्हणाली, "वस्तीतला माणूस मला म्हणाला, आजीबाई, जपून. आजीबाई! न्यायाधीशबाईचा पहिला प्रयोग होऊ दे, त्याला पहिल्या रांगेचा पास पाठवते."

मी मलम लावत बसले.


७ सप्टेंबर, शनिवार

सांगितलं एकदाचं. मुकाट्यानं परत जाऊन तिला नोटीस बोर्डावरून कळणं, हे माझ्याच्यानं सोसलं नसतं.

दुपारी जेवताना. बटाट्यांवरून नजर न काढता.

"तुझ्याबद्दल विचारलं होतं मला मॅनेजरबाईंनी. नव्या नाटकाचं."

"मग?"

"मी नाही म्हटलं."

तिचा हात तसाच राहिला. "काय नाही?"

"तुला झेपणार नाही म्हटलं. विसरतेस तू आताशा. लपवून काय उपयोग? मी बघतेय ना रोज."

मला वाटलं, आता ताट भिरकावेल. भिरकावलं असतं तर बरं झालं असतं. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "दिली भूमिका दुसरीला?"

"आज सांगणार होत्या."

"आणि तुझी खुर्ची?"

"ती कशाला राहतेय? दुसरीला काय शब्द टाकायचे मी?"

आणि ती हसायला लागली! अशी हसली की इथली मालकीण हात पुसत बाहेर आली. डोळ्यांतून पाणी, छातीला हात, टेबलावर डोकं. "अगं कुजबुज," एवढंच म्हणते आणि पुन्हा हसते. मी पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. धक्का बसला की माणसं अशी हसतात, बघितलंय मी.

मग एकदम हसू थांबलं. जेवली नाही. पावसातच बाहेर गेली, पिशवी न घेता, आणि अंधार पडेपर्यंत आली नाही. मी खिडकीत बसून होते. घोट्यामुळे मागे जाता येत नव्हतं. मालकीण म्हणाली, "वाट पाठ आहे त्यांना, येतील." म्हटलं, हो, वाट पाठ आहे.

आली. कपडे वाळत टाकले. माझ्याकडे पाठ करून झोपली. झोपलेली नाही, हेही मला पाठीवरून कळतं.

रागावली तरी चालेल. पुढे कधीतरी म्हणेल, बरं केलंस.


८ सप्टेंबर, रविवार

सकाळी चहा बाजूला सारून तिनं न्यायाधीशबाई म्हणून दाखवली. पहिल्या वाक्यापासून पडद्यापर्यंत. आता अडेल, मग अडेल म्हणून मी टपून बसले होते. अडली नाही. शेडमध्ये जिथे अडली, तिथेही नाही.

मग म्हणाली, "तुझी खुर्ची काढायला निघाली होती ती मॅनेजरबाई. मी मुद्दाम विसरले नसते तर ठेवलं असतं तुला?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू राजीनामा देऊन मोकळी झाली असतीस. आणि मला वाटलं, विसरले तरी माझ्याशिवाय आहे कोण तिच्याकडे?"

मी मॅनेजरबाईंना फोन केला. चुकले म्हटलं, तिचा एक शब्द इकडचा तिकडे होत नाही, शपथेवर सांगते. बाई म्हणाल्या, "मैत्रीण आहात, जीव तुटणारच. पण कालच दुसरीनं नारळ… म्हणजे कालच मुहूर्त झाला हो. आता नाही."

वळले तर महाराणी दारात.

"काय म्हणाली?"

"विचार करते म्हणाली."

तिनं माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली, आणि माझा पाय मांडीवर घेऊन मलम लावायला बसली.